पिवळ्या दिव्याचा अर्थ

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत भोंगा ही दचकण्याची गोष्ट नाही. भोंगा झाला म्हणजे शिफ्ट लागली किंवा सुटली, एवढाच त्याचा अर्थ. गरवारे पॉइंटपासून एक्स्लो पॉइंटपर्यंत आणि तिकडे सिडकोच्या गल्ल्यांत राहणाऱ्या दोन पिढ्यांनी भोंग्यावर डबे भरले, मुले शाळेत धाडली. अलीकडे पंचिंगची यंत्रे आली आणि बरेचसे भोंगे मुके झाले. पण कान जुनेच आहेत. आवाज आला की माणूस घड्याळाकडे बघतो, दाराकडे बघत नाही.

या कानांची आठवण मला दोन पावसाळ्यांपूर्वी झाली. इलेक्ट्रिकल मेन्टेनन्समध्ये माझी तीसेक वर्षे गेली. निवृत्तीनंतरही कोणी बोलावले की मी जाऊन येतो. असाच अंबडमधल्या प्लॅस्टिकचे सुटे भाग बनविणाऱ्या एका कारखान्यात रात्री गेलो होतो. काम आटोपून गेटवरच्या केबिनमध्ये रजिस्टरवर सही करीत असताना आतून हूटर वाजू लागला. वॉचमनमामा शांतपणे उठले, भिंतीवरच्या पॅनेलचे एक बटण त्यांनी दाबले, आवाज थांबला आणि ते पुन्हा खुर्चीवर येऊन बसले.

''काय झालं मामा?''

''काही नाही साहेब. फॉल्स आहे. आठवड्यातनं दोनदा तरी वाजतोच.''

पॅनेलवर मात्र तीन नंबरच्या झोनपुढे लाल दिवा जळत होता. मी म्हणालो, ''आपण बघून तर येऊ.'' तीन नंबर म्हणजे पॅकिंग. तिथे पिशव्या चिकटविण्याच्या यंत्राखाली खोक्यांचा ढिगारा धुमसत होता. एका मुलीने प्रसंगावधान राखून यंत्राची वीज तोडली होती आणि ती ओले गोणपाट आणायला धावली होती. पाच मिनिटांत सारे विझले. कोणाला इजा झाली नाही. पण त्या मुलीचा पहिला प्रश्न माझ्या डोक्यातून अजून जात नाही. ''साहेब, हूटर बंद झाला तेव्हा आम्हाला वाटलं आग दुसरीकडं होती आणि विझली. मग हे काय जळतंय?''

परतताना मामांना विचारले, ''आणि हा पिवळा दिवा कसला?'' पाच नंबरच्या झोनपुढे तो होता. मामा म्हणाले, ''तो पहिल्यापासनंच आहे. मी लागलो तेव्हापासनं.''

त्या पिवळ्या दिव्याचा अर्थ असा होता, की कारखान्याच्या पाच नंबरच्या भागात, म्हणजे रसायनांच्या आणि कच्च्या मालाच्या गोदामात, आग लागली तरी पॅनेल एक शब्द बोलणार नाही. कोणीतरी, केव्हातरी, कशासाठी तरी तो भाग बंद ठेवला होता आणि पुन्हा चालू करायला विसरला होता. पॅनेल हे रात्रंदिवस सांगत होते. फक्त इंग्रजीत आणि पिवळ्या रंगात.

कारखान्यांच्या आगी हा आता आपल्याकडे वर्तमानपत्राचा नेहमीचा मजकूर झाला आहे. १ जानेवारी २०२३ रोजी आमच्याच जिल्ह्यात, इगतपुरी तालुक्यातल्या मुंढेगावच्या जिंदाल पॉलिफिल्म्समध्ये भीषण आग लागली, कामगारांचे बळी गेले. मे २०२५ मध्ये त्याच कारखान्यात पुन्हा आग भडकली आणि ती विझवायला दिवस लागले. ३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे वाळूजमध्ये हातमोजे बनविणाऱ्या कारखान्यात सहा कामगार मृत्युमुखी पडले. ते कारखान्यातच झोपले होते. १८ मे २०२५ रोजी सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत टॉवेल कारखान्याच्या आगीत आठ जण गेले. प्रत्येक वेळी बातमीचा दुसरा दिवस ठरलेला असतो. मदत जाहीर होते, चौकशी नेमली जाते आणि 'सर्व आस्थापनांचे फायर ऑडिट करण्याचे आदेश' निघतात. कोणी म्हणते, यंत्रणा नव्हती. कोणी म्हणते, यंत्रणा कार्यान्वित होती.

हा 'कार्यान्वित' शब्द मला नेहमी गमतीचा वाटतो. पॅनेलला वीज होती, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. किंवा सर्व झोन चालू होते, असाही. किंवा हूटर खरोखर वाजला, असाही. चौथा अर्थ मात्र कधीच अभिप्रेत नसतो. तो असा, की वाजलेले कोणाला तरी कळले.

न कळण्याची किंमत काय असते, याचे जगातले सर्वांत महागडे उदाहरण अंबडसारख्या ठिकाणचे नाही, पॅरिसचे आहे. १५ एप्रिल २०१९ च्या संध्याकाळी नोत्र दाम कॅथेड्रलला आग लागली, ती साऱ्या जगाने दूरचित्रवाणीवर पाहिली. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने त्या संध्याकाळचा नंतर जो बारकाईने शोध घेतला, त्यातून निघाले ते असे. सहा वाजून अठरा मिनिटांनी पॅनेलवर 'आग' हा शब्द उमटला. यंत्रणा उत्तम होती. दीडशेहून अधिक डिटेक्टर होते, ती उभारायला काही वर्षे लागली होती. पॅनेलसमोर बसलेला माणूस कामावर नवीन, त्याचा जेमतेम तिसरा दिवस. बदली माणूस आला नाही म्हणून त्याची सलग दुसरी पाळी चालू होती. पॅनेलने त्याला जागेचे नाव सांगितले ते आपल्या भाषेत सांगायचे तर 'माळा, सभामंडप, पूजासाहित्याची खोली' अशा धर्तीचे, आणि पुढे अक्षरे व आकडे यांची एक लांबलचक मालिका. त्यातून जे समजायचे ते समजून पहारेकऱ्याला शेजारच्या छोट्या इमारतीच्या माळ्यावर पाठविण्यात आले. तिथे आग नव्हती. ती मुख्य मंदिराच्या माळ्यावर, शतकांपूर्वीच्या लाकडी तुळयांत होती. चूक उमगून तीनशे अरुंद पायऱ्या चढून माणसे वर पोचली तेव्हा अर्धा तास उलटला होता, आणि अग्निशमन दलाला फोन त्यानंतर गेला. यंत्राने आपले काम पहिल्या मिनिटाला केले होते. त्याचे वाक्य कोणाला लागले नाही.

नवीन माणूस, डबल ड्यूटी, समोर न कळणारी अक्षरे. अंबडच्या कोणत्याही गेटवर रात्री दहानंतर जा, हेच चित्र दिसेल. फरक इतकाच, की तिथे पॅनेलने निदान त्या माणसाच्या भाषेत लिहिले होते.

म्हणून या भाषेतले काही शब्द सोडवून पाहायला हवेत. हे काम इंजिनिअरांचे, असे म्हणून बाजूला ठेवता येत नाही, कारण इंजिनिअर दिवसा असतो.

सुरुवात छतावरच्या पांढऱ्या बशीपासून. तिला डिटेक्टर म्हणतात. पुष्कळांना वाटते हीच वाजते. परदेशात घराघरांतून जी लावतात ती वाजते. तिच्यात जाणणे आणि ओरडणे दोन्ही एकत्र असते. कारखान्यातली बशी मात्र बहुधा नुसती जाणते आणि तारेतून पॅनेलला कळविते. ओरडणारा वेगळा, तो हूटर. मधली तार तुटली तर बशी जाणत राहील आणि कोणाला कळणार नाही. बशीचेही प्रकार आहेत. नेहमीची बशी धूर ओळखते. तिच्या पोटात प्रकाशाचा एक किरण असतो, धुराचे कण शिरले की तो विखुरतो आणि ते तिला कळते. पण बारीक धूळ आणि वाफ यांनीही किरण विखुरतोच. म्हणून कँटीनमध्ये, भट्टीपाशी, पावडर कोटिंगच्या खात्यात ही बशी लावू नये. तिथे उष्णता ओळखणारी लावायची. ती एका ठराविक तापमानाला जागी होते किंवा तापमान फार झपाट्याने चढू लागले तर. ठेकेदाराने सगळीकडे एकाच जातीची बशी लावून टाकली, तर भाजीच्या फोडणीला हूटर वाजतो. आठवड्यातून दोनदा वाजतो. मग वॉचमनमामा त्याला 'फॉल्स' म्हणायला शिकतात. चूक मामांची नाही. खोटे बोलायला यंत्राला आपणच शिकविले.

आणि इथेच एक भाषिक अपघात होतो. पॅनेलवर 'फॉल्ट' नावाचा दिवा असतो, पिवळा. 'फॉल्ट' आणि 'फॉल्स' हे शब्द आपल्या कानाला जवळजवळ सारखे. फॉल्ट म्हणजे खोटा गजर, असे सांगणारे मला पर्यवेक्षकसुद्धा भेटले आहेत. वस्तुतः फॉल्ट म्हणजे यंत्रणा स्वतः आजारी आहे. तार तुटली, बॅटरी उतरली, रंगकाम करताना कोणी बशी काढून ठेवली. साध्या पॅनेलमध्ये प्रत्येक तारेच्या शेवटी एक छोटा रेझिस्टर असतो आणि तारेतून सतत अगदी बारीक प्रवाह वाहत असतो. तो थांबला की पॅनेलला समजते की आपला हात कुठेतरी तुटला. ही फार सुंदर कल्पना आहे. रोग्याने स्वतःच डॉक्टरला फोन करावा तशी. पण फोन घ्यायला कोणी नाही.

त्याच्या शेजारचा दुसरा पिवळा दिवा अधिक घातक. कुठे त्याला 'आयसोलेट' म्हणतात, कुठे 'डिसेबल'. हा बिघाड नव्हे. हा माणसाने मुद्दाम केलेला बंद. गोदामात वेल्डिंग करायचे आहे, धूर होणार, तेवढ्यापुरता तो झोन बंद ठेवायचा. नियमाप्रमाणे हे कोणी, केव्हा केले ते लिहून ठेवायचे आणि काम संपताच चालू करायचे. वेल्डर संध्याकाळी जातो, सुपरवायझर त्याच्याआधी गेलेला असतो. दिवा राहतो. आठ दिवसांनी तो भिंतीच्या रंगासारखा होऊन जातो, आणि नवीन माणूस कामाला लागतो तेव्हा तो 'पहिल्यापासूनच' असतो.

झोन म्हणजे इमारतीचा एक वाटा. साधे पॅनेल एवढेच सांगते, की आग तीन नंबरच्या वाट्यात आहे. त्यामुळे वाट्यांचा नकाशा पॅनेलशेजारी हवाच. नव्या पद्धतीच्या पॅनेलला, ज्याला बाजारात 'अ‍ॅड्रेसेबल' म्हणतात, प्रत्येक बशीचा पत्ता ठाऊक असतो. मात्र पत्त्याला नाव द्यावे लागते. पॅनेल बसविणाऱ्याने ते काम टाळले, तर ऐन वेळी पडद्यावर नुसते 'डिव्हाइस ०१४' असे उमटते. पोस्टमनला घरमालकाचे नाव न सांगता नळाच्या मीटरचा नंबर सांगावा, तसला हा प्रकार. मी पाहिलेल्या निम्म्या पॅनेलांत तो आहे.

आता बटणे. तीन असतात आणि जीव त्यांच्यातल्या फरकात आहे. पहिले 'अ‍ॅक्नॉलेज'. म्हणजे 'ऐकले, बघतो'. याने पॅनेलची स्वतःची पिपाणी थांबते. बाहेरचे हूटर चालूच राहतात. दुसरे 'सायलेन्स'. याने हूटर थांबतात. आग थांबत नाही, लाल दिवाही विझत नाही. फक्त कारखान्यातल्या दोनशे माणसांना वाटते की प्रकरण मिटले. आमच्या पॅकिंगमधल्या मुलीला वाटले तसेच. जागा पाहिल्याशिवाय आणि माणसे बाहेर आल्याशिवाय हे बटण दाबायचे नसते. तिसरे 'रिसेट'. याने पॅनेल सारे विसरून नव्याने पाहू लागते. साध्या पॅनेलात घाईने रिसेट दाबले, की पहिला दिवा कोणत्या झोनचा होता ही साक्षच पुसली जाते. धूर असेल तर दिवा पुन्हा लागेल हे खरे, पण तोवर शेजारच्या झोनमध्येही धूर गेलेला असतो आणि दोन्ही दिवे बरोबर लागतात. कोणते आधी?

हूटरचेही व्याकरण आहे. मोठ्या ठिकाणी तुटक आवाज म्हणजे 'सावध', सलग आवाज म्हणजे 'बाहेर पडा'. ज्या गावाने भोंगा शिफ्टसाठी ऐकला आहे, तिथे हा फरक शिकवूनच कळेल. भोपाळमध्ये २ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यात असे दोन आवाज होते, एक आतल्या कामगारांसाठी आणि एक वस्तीसाठी. वस्तीसाठीचा भोंगा थोडा वेळ वाजवून बंद करण्यात आला. आतला चालू राहिला. लोक उगाच घाबरू नयेत, अशी ती पद्धत होती. वस्तीसाठी भोंगा पुन्हा सुरू झाला तेव्हा वायू घराघरांत शिरला होता. 'सायलेन्स' या शब्दाचा याहून भयंकर अर्थ भारताने पाहिलेला नाही.

आणखी एक समजूत, जी मला सुशिक्षितांतही सर्रास आढळते. हूटर वाजला म्हणजे अग्निशमन दलाला आपोआप कळले. नाही कळले. आपल्याकडच्या बहुतेक इमारतींतला गजर त्या इमारतीच्या भिंतीबाहेर जात नाही. १०१ ला फोन माणसानेच करायचा असतो. गेटवरच्या माणसाला हे सांगितलेले नसते. उलट 'आधी मॅनेजरसाहेबांना विचार' असे सांगितलेले असते, आणि साहेबांचा फोन रात्री बंद असतो. सिनेमात दाखवितात तसे एकाच वेळी सगळ्या छतावरून पाणी कोसळते, हेही खोटे. साध्या स्प्रिंक्लरच्या तोंडाशी काचेची नळी असते; ज्या नळीला ताप पोचेल, लाल नळी असेल तर ६८ अंशांच्या आसपास, तेवढीच फुटते. धुराने ती फुटत नाही. म्हणजे स्प्रिंक्लर आहे म्हणून डिटेक्टर नको, हे म्हणणे चालत नाही. झोपलेल्या माणसाला धुराच्या वासाने जाग येईलच असे नसते. वाळूजला जे झोपले होते, त्यांना आवाज हवा होता.

कायदा काय म्हणतो? 'महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम' २००६ चा. त्याने जबाबदारी स्पष्टपणे मालक किंवा भोगवटादारावर टाकली आणि दर वर्षी जानेवारीत व जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र देण्याचे बंधन घातले. बोलीत त्यालाच 'फॉर्म बी' म्हणतात. कायदा चांगला आहे. पण प्रमाणपत्र मोजते ते वस्तू: बशा किती, सिलिंडर किती भरलेले, होज रील किती, पंप चालतो का. एजन्सीचा माणूस दिवसा येतो, मेन्टेनन्सचा माणूस त्याच्याबरोबर फिरतो, पॅनेल दोघांनाही कळते. रात्री ते ज्याच्या हवाली असते त्याची परीक्षा कोणीच घेत नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ३८व्या कलमाने प्रत्येक कामगाराला सुटकेचे मार्ग माहीत असावेत आणि आगीच्या वेळी काय करायचे याचे शिक्षण मिळावे, असे सांगून ठेवले होते. तेव्हा कामगार कायम असायचा. आता पॅकिंगची मुलगी एका ठेकेदाराची, वॉचमन दुसऱ्याचा, वेल्डर तिसऱ्याचा आणि पॅनेलची एएमसी चौथ्याची. मॉक ड्रिल वर्षातून एकदा होते, पहिल्या पाळीत, फोटोसाठी.

मराठीचे म्हणाल, तर सरकारी कोशात या सगळ्यांना शब्द असतील. पण 'धूरशोधक' म्हटले तर अंबडमधला एकही माणूस वर छताकडे बघणार नाही. हूटरला हूटरच म्हणू द्या. प्रश्न शुद्धतेचा नाही. प्रश्न इतकाच, की दिव्यापाशी जो उभा आहे त्याला दिवा वाचता यावा, आणि तो आज मराठी इतकाच हिंदी, भोजपुरीही बोलतो.

त्या रात्रीनंतर आठवड्याने मी पुन्हा त्या कारखान्यात गेलो. मामांना घेऊन पॅनेलवर चिठ्ठ्या चिकटविल्या. लाल दिव्याखाली 'आग'. एका पिवळ्याखाली 'बिघाड', दुसऱ्याखाली 'बंद ठेवले आहे, विचारा'. सायलेन्सपाशी मामांनीच शब्द सुचविला, 'आधी बघून या'. तो मला कुठल्याही कोशापेक्षा चांगला वाटला. खाली त्यांनी पेनाने १०१ लिहिले आणि झोनची नावे आपल्या पद्धतीने: पॅकिंग, मोल्डिंग, मुलींचे कँटीन, मागचे गोदाम. पाच नंबरचा झोन मेन्टेनन्सवाल्याने चालू करून दिला. एक बशी गायब निघाली. ती दुसऱ्या दिवशी बसविली.

पुढच्या जुलैत मी सहज डोकावलो. मामा नव्हते, सुरक्षेचा ठेका बदलला होता. गेटवर बलियाचा एक विशीतला मुलगा होता. पॅनेल स्वच्छ पुसलेले, चिठ्ठ्या काढलेल्या. तपासणीला लोक येणार होते म्हणून, असे तो म्हणाला. फॉर्म बी वेळेवर मिळाला होता. पाच नंबरपुढे पिवळा दिवा जळत होता. मी त्याला त्याचा अर्थ विचारला. तो हसून म्हणाला, ''पॉवर ऑन है, साहब.''